ऑपरेशनच्या वेळी मेंदू किती सरकला, हे गणिताने काढणारी माणसं

मेंदूचं ऑपरेशन चालू असताना सर्जनच्या समोर एक स्क्रीन असते, तिच्यावर पेशंटचा आधी काढून ठेवलेला एमआरआय दिसतो आणि हातातल्या उपकरणाचं टोक त्या एमआरआयमध्ये नेमकं कुठे आहे तेही दिसतं. याला न्यूरोनॅव्हिगेशन म्हणतात. डोकं क्लॅम्पमध्ये पक्कं बसवतात, चेहऱ्यावरचे आणि टाळूवरचे काही पॉइंट एमआरआयशी जुळवून घेतात, मग एक इन्फ्रारेड कॅमेरा उपकरणावरचे छोटे गोळे बघत राहतो आणि कॉम्प्युटर त्यावरून जागा काढतो. सुरुवातीला ही जुळणी एक-दोन मिलिमीटरपर्यंत बरोबर असते, जे खरंच कौतुकाचं आहे. पण हे सगळं एकाच गृहीतकावर उभं आहे, की एमआरआय काढला तेव्हा मेंदू जिथे आणि जसा होता तिथे आणि तसाच तो आत्ताही आहे. आणि कवटी उघडून ड्युरा (मेंदूवरचं जाड आवरण) कापला की ते गृहीतक मोडतं. मेंदू सरकतो, खचतो, कधी फुगून वर येतो. स्क्रीनवरचं चित्र मात्र जुनंच राहतं.

याला ब्रेन शिफ्ट म्हणतात आणि मी गेले बरेच महिने यावरच वाचतेय. मी डॉक्टर नाही, पुण्यात सीएई करते, म्हणजे गाड्यांची क्रॅश सिम्युलेशन्स, मेश (वस्तूचे छोटे तुकडे पाडून केलेली जाळी) बनवा, सॉल्व्हर (समीकरणं सोडवणारं सॉफ्टवेअर) चालवा, रिझल्ट बघा, परत मेश बनवा. मावसभाऊ न्यूरोसर्जरी शिकतोय, त्याच्याकडून हा विषय पहिल्यांदा कानावर आला आणि मग मी पेपर उघडून बघितले तर त्यातलं अर्धं सामान माझ्या रोजच्या कामातलंच निघालं. मराठीत यावर कुणी सविस्तर लिहिलेलं मला सापडलं नाही, म्हणून ही पोस्ट. लांबलचक होणार आहे, आधीच सांगते.

आधी मेंदू का सरकतो ते बघू. आपला मेंदू साधारण १४०० ग्रॅमचा, पण तो कवटीत सीएसएफ नावाच्या द्रवात तरंगत असतो आणि त्यामुळे त्याचं जाणवणारं वजन जेमतेम ५० ग्रॅमच्या आसपास उरतं. द्रव एकूण १५०च मिली, पण सगळा आधार त्याचा. ड्युरा उघडला की हा द्रव बाहेर येतो, सक्शनने ओढला जातो, त्याची जागा हवा घेते, आणि आतापर्यंत तरंगणाऱ्या मेंदूवर गुरुत्वाकर्षण पूर्ण ताकदीने काम करायला लागतं. तो जमिनीच्या दिशेने खचतो. जमिनीच्या दिशेने म्हणजे पेशंटचं डोकं टेबलावर कसं वळवलंय त्यावर सगळं अवलंबून, एकाच ट्युमरसाठी डोकं वेगळं वळवलं तर शिफ्टही वेगळी. शिवाय मेंदूची सूज उतरावी म्हणून मॅनिटॉल देतात, त्याने टिश्यूमधलं पाणी कमी होऊन मेंदू आकसतो. उलट काही पेशंटमध्ये ट्युमरमुळे आत आधीच दाब असतो, तिथे कवटीचा तुकडा काढल्याबरोबर मेंदू त्या भोकातून वर येतो. आणि मग ट्युमर काढायला सुरुवात झाली की तिथे पोकळी तयार होते आणि आजूबाजूचा भाग त्या पोकळीत ढासळायला लागतो. म्हणजे चार-पाच कारणं एकाच वेळी, प्रत्येकाची दिशा वेगळी.

किती सरकतो याचं एक जुनं, सगळीकडे दिलं जाणारं मोजमाप अमेरिकेतल्या डार्टमथचं आहे. डेव्हिड रॉबर्ट्स आणि त्यांच्या टीमने १९९८ मध्ये २८ ऑपरेशन्समध्ये कॉर्टेक्सचं, म्हणजे मेंदूच्या वरच्या पृष्ठभागाचं, विस्थापन मोजलं आणि सरासरी आली जवळजवळ १ सेंटिमीटर, आणि त्यात गुरुत्वाकर्षणाच्या दिशेचा वाटा मोठा होता. हे रॉबर्ट्स तेच, ज्यांनी १९८६ मध्ये ऑपरेशनच्या मायक्रोस्कोपला स्कॅनशी जोडणारी सुरुवातीची फ्रेमलेस पद्धत मांडली होती, म्हणजे नॅव्हिगेशन उभं करणाऱ्यांपैकीच एक माणूस बारा वर्षांनी मोजून सांगत होता की ते कुठे कमी पडतं. मला याचा फार आदर वाटतो. १ सेंटिमीटर ऐकायला थोडं वाटतं, पण ट्युमरची कड आणि हातापायाच्या हालचालीची नसमार्गिका यांच्यात कधीकधी त्याहून कमी अंतर असतं. ऑपरेशनच्या आधी डिफ्युजन एमआरआयवरून हे मार्ग रंगवून स्क्रीनवर दाखवतात, फार सुंदर दिसतात ते, पण मेंदू सरकला की ते रंगीत मार्गही जुन्याच जागी दिसत राहतात. अनुभवी सर्जन हे मनात धरूनच काम करतो, स्क्रीनवर आंधळा विश्वास कुणी ठेवत नाही. तरीही खोल भागात, जिथे ट्युमर आणि निरोगी टिश्यू डोळ्यांना सारखेच दिसतात, तिथे स्क्रीनची गरज सगळ्यात जास्त असते आणि नेमका तिथेच तिच्यावरचा भरवसा कमी झालेला असतो.

मग ऑपरेशन चालू असतानाच परत एमआरआय का काढत नाहीत? काढतात. बॉस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमध्ये १९९४ पासून ०.५ टेस्लाचं एक उघडं मशीन होतं, दोन मोठ्या कड्यांच्या मधल्या फटीत सर्जन उभा राहायचा आणि पेशंटला न हलवता स्कॅन व्हायचा. आज आपल्याला मेंदूच्या शिफ्टबद्दल जे माहीत आहे त्यातलं बरंच त्या खोलीतून आलेलं आहे, कारण आधीचा, मधला आणि नंतरचा असे तिन्ही स्कॅन पहिल्यांदाच एकत्र मिळाले. पण असं ऑपरेशन थिएटर बांधणं प्रचंड खर्चाचं काम आहे, सगळी उपकरणं चुंबकाला चालतील अशी लागतात, आणि प्रत्येक स्कॅनला ऑपरेशन थांबवून वाट बघावी लागते. दुसरा पर्याय अल्ट्रासाउंड, स्वस्त आणि पटकन होणारा, फक्त चित्र एमआरआयइतकं स्पष्ट नसतं आणि पोकळी झाल्यावर त्यात आर्टिफॅक्ट्स (खऱ्या नसलेल्या खुणा) येतात.

तिसरा पर्याय म्हणजे मॉडेल. आधीच्या एमआरआयवरून पेशंटच्या मेंदूची थ्रीडी मेश बनवायची, ऑपरेशनच्या वेळी जेवढं थोडंफार मोजता येतं (समजा उघड्या भागातला कॉर्टेक्स कुठून कुठे गेला) तेवढं त्या मेशला सांगायचं, आणि उरलेला सगळा मेंदू आतून कसा सरकला असेल हे फायनाइट एलिमेंट पद्धतीने, म्हणजे मेशच्या एकेका तुकड्याचं (एलिमेंटचं) गणित जोडून, काढायचं. मग त्या उत्तरानुसार जुना एमआरआय वाकवायचा आणि सर्जनला वाकवलेला एमआरआय दाखवायचा. ट्युमर, नसमार्गिका, व्हेंट्रिकल (मेंदूच्या आतल्या द्रवाच्या पोकळ्या), सगळं नव्या जागी.

हे वाचल्यावर माझ्यासारखीच्या मनात पहिला प्रश्न येतो तो मटेरियलचा. स्टीलचं मटेरियल कार्ड (गुणधर्मांचे आकडे) सप्लायरकडून येतं, टेस्ट रिपोर्टसकट येतं. मेंदूचं कुठून आणायचं? मेंदू अतिशय मऊ आहे, नुकत्याच लागलेल्या खरवसासारखा, बोट लावलं तरी आकार बदलतो. मॉडेलमध्ये त्याचा यंग्ज मॉड्युलस (कडकपणाचं माप) साधारण ३ किलोपास्कल धरतात, स्टीलचा २०० गिगापास्कल, म्हणजे साडेसहा कोटी पटींहून जास्त फरक. टेस्ट करणंही अवघड, कारण सॅम्पल क्लॅम्पमध्ये धरता येत नाही, स्वतःच्या वजनानेच वाकतं. कॅरोल मिलर आणि कियोयुकी चिनझेई यांनी १९९७ मध्ये डुकराच्या मेंदूचे सॅम्पल दाबून जे निकाल छापले ते आजही वापरतात, त्यांनी दाबण्याचा वेग जवळजवळ एक लाख पटींच्या टप्प्यात बदलून बघितला आणि वेगाप्रमाणे कडकपणा बदलतो हे दाखवलं. पुढे २००२ मध्ये त्यांनीच ताणूनही बघितलं. मग २०१७ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझमध्ये होल्झआप्फेल, बुडाय, कूल वगैरे मंडळींनी मानवी मेंदूवर दाब, ताण आणि शिअर (थर आडवे सरकवणं) तिन्ही टेस्ट केल्या, त्यात दिसलं की मेंदू ताणापेक्षा दाबाला जास्त कडक आहे आणि प्रत्येक भागाचा कडकपणा वेगळा आहे, कॉर्टेक्स सगळ्यात कडक, कॉर्पस कॅलोसम (मेंदूचे दोन अर्धे भाग जोडणारा पट्टा) सगळ्यात मऊ. पण ह्या सगळ्या टेस्ट शरीराबाहेर काढलेल्या टिश्यूवरच्या. टेबलावर जो जिवंत पेशंट आहे त्याचा मेंदू किती कडक, त्याच्या ट्युमरचा कडकपणा किती, हे त्या सकाळी सांगायला कुणाकडे काही नसतं. वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे आकडेही एकमेकांशी जुळत नाहीत, कित्येक पट फरक.

इथे मला वाटलं की संपला विषय, मटेरियलच माहीत नाही तर मॉडेल काय करणार.

पण मिलर आणि अ‍ॅडम विटेक यांच्या पर्थमधल्या ग्रुपने (युनिव्हर्सिटी ऑफ वेस्टर्न ऑस्ट्रेलिया) ह्या अडचणीतून जी वाट काढली ती वाचून मी खुर्चीत सरळ बसले. वाट साधी आहे. एक पट्टी घ्या, एक टोक पक्कं करा, दुसरं टोक १० मिलिमीटर सरकवा आणि विचारा की मधला बिंदू किती सरकला. उत्तर ५ मिलिमीटर. पट्टी स्टीलची असो, रबराची असो की मेंदूची, ५च. आता प्रश्न बदला, दुसऱ्या टोकाला १० न्यूटन बल लावलं तर मधला बिंदू किती सरकेल? आता मटेरियल माहीत असल्याशिवाय एक पाऊल पुढे जाता येत नाही. ब्रेन शिफ्टमध्ये आपल्याला बलं नकोच आहेत. आपल्याकडे आहे पृष्ठभागाचं विस्थापन, आपल्याला हवं आहे आतलं विस्थापन. दोन्ही बाजूंना मिलिमीटर. मग यंग्ज मॉड्युलस समीकरणातून जवळजवळ गळूनच जातो, उरतं ते फक्त दोन भागांच्या कडकपणाचं गुणोत्तर, म्हणजे ट्युमर मेंदूच्या किती पट कडक आहे ते, आणि मेंदूचं आकारमान जवळजवळ बदलत नाही ही गोष्ट. विटेक आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये वेगवेगळी मटेरियल मॉडेल्स वापरून तुलना केली आणि दाखवलं की प्रश्न असा विस्थापनात मांडला तर साध्या आणि किचकट मटेरियल मॉडेलच्या उत्तरात फारसा फरक पडत नाही, फक्त भूमिती मात्र नॉनलिनिअर ठेवायची (आकार बदलेल तसं गणितही बदलायचं), कारण आकारातला बदल मोठा आहे.

मला यातलं जे आवडलं ते हे की वर्षानुवर्षं लोक मेंदूचा अचूक कडकपणा शोधत होते (आणि दुसऱ्या कामांसाठी, अपघातात डोक्याला मार बसतो त्या अभ्यासासाठी, तो लागतोच) आणि इथे कुणीतरी विचारलं की आपल्या प्रश्नाला त्याची गरज आहे का. आपल्याकडे सीएईमध्येही हे कायम होतं, मटेरियल कार्डवर आठवडे जातात आणि बाउंडरी कंडिशन (मॉडेल कडेला कुठे धरलंय, कुठे सरकवलंय) कुणीतरी पाच मिनिटांत लावून मोकळा होतो.

ह्याच ग्रुपने बॉस्टनच्या रॉन किकिनिस आणि सायमन वॉरफिल्ड यांच्याबरोबर २००७ मध्ये एका खऱ्या पेशंटवर हे करून दाखवलं, उघड्या भागातल्या कॉर्टेक्सचं विस्थापन मॉडेलला दिलं, मेंदू आणि कवटी यांच्यात कॉन्टॅक्ट ठेवला म्हणजे मेंदू कवटीपासून सुटू शकेल, घसरू शकेल पण कवटीच्या आत घुसणार नाही, आणि मग ट्युमर आणि व्हेंट्रिकल कुठे गेले ते काढून ऑपरेशनच्या वेळच्या एमआरआयशी ताडून बघितलं. चांगलं जुळलं. आणि सॉल्व्हर कुठला होता माहितीये? एलएस-डायना. जो आमच्याकडे रोज बंपर चेपायला वापरतात तोच. हे वाचलं त्या दिवशी लंच टेबलवर मी सगळ्यांना सांगत सुटले होते.

अर्थात ह्याला दुसरी बाजू आहे आणि ती पण तितकीच विचार करण्यासारखी आहे. डार्टमथमध्ये कीथ पॉलसन आणि मायकेल मिगा यांनी उलटीकडून सुरुवात केली. त्यांचं म्हणणं, पृष्ठभाग मोजून आत जाण्यापेक्षा शिफ्ट ज्या कारणांनी होते तीच मॉडेलमध्ये घाला. सीएसएफ किती पातळीपर्यंत निघालं, डोकं कसं वळवलंय, मॅनिटॉलने पाणी किती ओढलं. यासाठी त्यांनी मेंदू हा सच्छिद्र घन आणि त्याच्या छिद्रांतला द्रव असा धरला. हे गणित मूळचं मातीचं आहे, इमारतीच्या पायाखालची ओली चिकणमाती हळूहळू कशी खचते ते काढायला मोरिस बिओ यांनी १९४१ मध्ये मांडलेली कन्सॉलिडेशनची थिअरी. सिव्हिलवाल्यांना हे ओळखीचं असेल. तेच समीकरण डुकरांवर प्रयोग करून पडताळलं आणि मग माणसाच्या मेंदूला लावलं.

मिगा नंतर व्हँडरबिल्टला गेले आणि तिथे त्यांच्या ग्रुपने जी युक्ती काढली ती मला फार व्यवहारी वाटते. ऑपरेशनच्या वेळी सीएसएफ नक्की किती निघालं हे कुणी मोजत बसत नाही, डोक्याचा कोनही प्लॅनपेक्षा थोडा वेगळा होतो. मग आदल्या रात्रीच सगळ्या शक्यता चालवून ठेवायच्या. द्रवाची पातळी इतकी, तितकी, कोन असा, तसा, मॅनिटॉलसह, मॅनिटॉलशिवाय, अशी शेकडो उत्तरं तयार करून साठवायची. ऑपरेशनच्या वेळी लेझर स्कॅनरने कॉर्टेक्सचा फक्त पृष्ठभाग मोजायचा आणि साठवलेल्या उत्तरांचं कुठलं मिश्रण त्या पृष्ठभागाशी सगळ्यात चांगलं जुळतं ते शोधायचं. जड गणित रात्री होऊन गेलेलं, ऑपरेशन थिएटरमध्ये फक्त हलकं गणित. हे वाचून वाटलं की ऑपरेशनच्या खोलीत खरंच उभं राहिलेल्या माणसांनी हे सुचवलं असणार.

आता वेळेचं बघू, कारण भावाला मी मोठ्या उत्साहाने हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला, "ताई, सगळं छान आहे गं, पण तुझं उत्तर यायला दहा मिनिटं लागणार असतील तर तोपर्यंत मेंदू अजून सरकलेला असणार." बरोबरच आहे. सॉल्व्हरच्या बाबतीत मात्र मेंदूचा मऊपणाच मदतीला येतो. एक्स्प्लिसिट पद्धतीत, म्हणजे वेळेच्या छोट्या पावलांनी पुढे जात उत्तर काढताना, टाइम स्टेप किती मोठी घेता येते हे मटेरियलमधून ध्वनिलहर किती वेगाने जाते त्यावर ठरतं, एलिमेंटचा आकार भागिले लहरीचा वेग. स्टीलमध्ये हा वेग सेकंदाला साडेपाच-सहा किलोमीटर, म्हणून २ मिलिमीटरच्या एलिमेंटला स्टेप येते एक मायक्रोसेकंदाच्याही साधारण तिसऱ्या हिश्श्याची, आणि म्हणूनच आमचे क्रॅशचे जॉब रात्रभर चालतात. मेंदूसाठी मी तेच गणित केलं, मॉड्युलस ३ किलोपास्कल, पॉयसन रेशो (दाबल्यावर बाजूला किती फुगतं त्याचं माप) ०.४९, घनता पाण्याएवढी, तर वेग आला सेकंदाला फक्त ७ मीटरच्या आसपास. स्टेप जवळजवळ हजार पट मोठी! खऱ्या मेंदूत आवाज इतका हळू जात नाही हे उघड आहे, तो सेकंदाला दीड किलोमीटरच्या आसपास जातो, कारण खरा मेंदू ०.४९ पेक्षा कितीतरी जास्त असंकोच्य (दाबून आकारमान न बदलणारा) आहे. पण इथे आपल्याला लहर बघायचीच नाहीये, शेवटी मेंदू कुठे स्थिरावला एवढंच बघायचंय, म्हणून हे चालतं.

पर्थवाल्यांनी २००७ मध्ये यासाठी टोटल लॅग्रँजिअन पद्धतीचा एक्स्प्लिसिट अल्गोरिदम लिहिला. त्यात सगळं मूळ, न वाकलेल्या आकाराच्या संदर्भात मोजतात, त्यामुळे शेप फंक्शनचे डेरिव्हेटिव्ह (एलिमेंटच्या आकारावरून येणारे आकडे) प्रत्येक स्टेपला परत काढावे लागत नाहीत, ऑपरेशनच्या आधीच एकदा काढून ठेवायचे. शिवाय प्रत्येक एलिमेंटचं काम स्वतंत्र, मोठं मॅट्रिक्स सोडवायचं नाही, म्हणजे जीपीयूसाठी (ग्राफिक्स कार्डसाठी) अगदी योग्य. लंडनमध्येही झाईक टेलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये हे जीपीयूवर आणलं. उत्तर काही सेकंदांत, आणि त्यासाठी लागतं ते दुकानात मिळणारं साधं ग्राफिक्स कार्ड, मोठा क्लस्टर नाही.

म्हणजे भावाच्या प्रश्नाचं उत्तर आहे. खरं घोडं अडतं ते त्याच्या आधी, मेशमध्ये. जो कुणी हे काम करतो त्याला विचारा, सॉल्व्हरला सेकंद लागतात आणि मेशला दिवस. एमआरआयमधून मेंदू, ट्युमर, व्हेंट्रिकल, मधला फाल्क्सचा पडदा हे सगळं वेगळं करायचं, त्यात ट्युमरने आधीच सगळं वाकडंतिकडं केलेलं असतं म्हणून निरोगी मेंदूवर चालणारी सॉफ्टवेअर इथे हमखास गोंधळतात. मग एलिमेंट कुठले? टेट्राहेड्रन (चार बाजूंचे तुकडे) आपोआप बनतात, पण साधे टेट्रा जवळजवळ असंकोच्य मटेरियलमध्ये लॉक होतात, म्हणजे खोटा कडकपणा दाखवतात. हेक्सा (विटेसारखे सहा बाजूंचे) चांगले, पण मेंदूच्या त्या घड्यांमध्ये हेक्सा मेश हाताने बनवणं म्हणजे काय ते ज्याने साधं गिअरबॉक्सचं हाउसिंग हेक्साने मेश केलंय त्याला विचारा. आणि हे प्रत्येक पेशंटसाठी नव्याने. म्हणून पर्थमध्येच नंतर मेशलेस पद्धतींवर काम झालं, ज्यात एलिमेंट नाहीतच, नुसता बिंदूंचा ढग, आणि सेगमेंटेशनही (असे भाग वेगळे करणंही) टाळून एमआरआयच्या ग्रे व्हॅल्यूवरून ढोबळ गुणधर्म वाटून द्यायचे. मटेरियलचं अचूक मूल्य फारसं लागत नाही हे आधी सिद्ध केल्याचा फायदा इथे मिळाला, नाहीतर हे धाडस कुणी केलं नसतं.

अजून न सुटलेलं काय आहे? रिसेक्शन, म्हणजे ट्युमर कापून काढणं. ड्युरा उघडल्यावरची पहिली शिफ्ट ह्या मॉडेल्सना बऱ्यापैकी जमते. पण ट्युमर काढायला लागल्यावर मेशमधून तुकडे गायब व्हायला लागतात, कुठला तुकडा गेला ते मॉडेलला कुणी सांगायचं, पोकळीच्या भिंती आत येतात, रिट्रॅक्टर एका बाजूने टिश्यू ओढून धरतो, काही ठिकाणी रक्त साचतं. आणि सर्जनला खरी मदत हवी असते ती याच टप्प्यात, शेवटचा तुकडा शिल्लक असताना. माझ्या मते पुढच्या दहा वर्षांचं काम हेच आहे. आता बरेच ग्रुप न्यूरल नेटवर्ककडे वळलेत, फायनाइट एलिमेंटची हजारो उत्तरं नेटवर्कला शिकवायची आणि मग नेटवर्क क्षणात उत्तर देतं. वेगासाठी ठीक, पण नेटवर्क जे शिकलं ते मॉडेलकडूनच शिकलं, मॉडेलला रिसेक्शन नीट येत नसेल तर नेटवर्कला कुठून येणार.

आणि आपल्याकडचं. इंट्राऑप (ऑपरेशन चालू असतानाचा) एमआरआय असलेली थिएटर्स आपल्या देशात हाताच्या बोटांवर नसली तरी गरजेच्या मानाने फारच थोडी आहेत, आणि ट्युमरचे पेशंट तर जिल्ह्याजिल्ह्यातून येतात. मुंबईत टाटा मेमोरियलच्या न्यूरोसर्जरीतल्या डॉक्टरांनी नॅव्हिगेशनला जोडलेल्या थ्रीडी अल्ट्रासाउंडवर बरीच वर्षं काम केलंय, त्यांचे पेपर जरूर वाचा, आपल्या परिस्थितीत, आपल्या पेशंटच्या गर्दीत काय चालतं हे त्यातून कळतं. अल्ट्रासाउंड आणि मॉडेल ही जोडी मला आपल्यासाठी सगळ्यात योग्य वाटते. अल्ट्रासाउंड सांगेल की इथल्या ह्या काही जागा एवढ्या सरकल्या, आणि जिथे त्याला दिसत नाही तिथलं मॉडेल भरून काढेल. लागणारं हार्डवेअर म्हणजे एक ग्राफिक्स कार्ड असलेला कॉम्प्युटर. आणि मेश बनवू शकणारी माणसं तर पुण्यात गल्लोगल्ली आहेत, हे मी मनापासून म्हणतेय. आम्ही सगळे गाड्यांची दारं आणि सीटचे ब्रॅकेट करतो, ते कामही महत्त्वाचं आहे, त्याने जीव वाचतात, पण त्यातल्या दहा जणांनी जरी एखाद्या हॉस्पिटलबरोबर बसून हे केलं तर किती फरक पडेल.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट किंवा एमटेकचा विषय शोधणारं कुणी हे वाचत असेल तर सुरुवात फुकटात होते. थ्रीडी स्लायसर नावाचं सॉफ्टवेअर घ्या, फुकट आणि ओपन सोर्स आहे, बॉस्टनमध्येच सुरू झालेलं, आणि पर्थच्या ग्रुपने त्यासाठी स्वतःचं एक्स्टेन्शनही लिहिलंय, स्लायसरसीबीएम. डेटासाठी रिसेक्ट नावाचा डेटासेट बघा, नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमच्या हॉस्पिटलमधला, कमी ग्रेडच्या ग्लायोमाच्या (मेंदूच्या ट्युमरचा एक प्रकार) २३ पेशंटचे ऑपरेशनआधीचे एमआरआय आणि ऑपरेशनमधले अल्ट्रासाउंड, दोन्हींत तज्ज्ञांनी जुळवून दिलेले लँडमार्कही (ओळखता येणारे बिंदू) आहेत. माँट्रियलचा बाइट हा त्याच्या आधीचा, १४ पेशंटचा. आणि ब्रिगहॅमचा रीमाइंड सगळ्यात मोठा, ११४ पेशंट, त्यात ऑपरेशनमधले एमआरआयसुद्धा आहेत. सगळी माहिती ओळख काढून टाकलेली असते, पण तरी ही माणसं आहेत, त्यांनी परवानगी दिली म्हणून आपल्याला हे बघता येतंय, वापराच्या अटी नीट वाचून पाळा.

आणि प्रोजेक्ट केलात तर रिपोर्टमध्ये एक गोष्ट कृपा करून नीट लिहा. ज्या लँडमार्कवर मॉडेल बसवलं त्यांच्यावरच एरर मोजू नका, ती कमी येणारच. कॉर्टेक्सवरचे बिंदू मॉडेलला द्या आणि एरर खोलवरच्या बिंदूंवर मोजा, ट्युमरच्या तळाशी, व्हेंट्रिकलच्या भिंतीवर. आणि नुसती सरासरी देऊन थांबू नका. सरासरी दीड मिलिमीटर आणि एका पेशंटमध्ये सहा असेल तर तो सहाचा आकडा पहिल्या पानावर लिहा, तो पेशंट कोणता, त्याचा ट्युमर कुठे होता, डोकं कसं वळवलं होतं आणि मॉडेल तिथेच का चुकलं असेल, यावर पूर्ण एक प्रकरण खर्च करा. भावाला मी विचारलं होतं की तू कुठला आकडा बघशील, तर तो म्हणाला, "सगळ्यात वाईट कितीपर्यंत जाऊ शकतं तेवढं सांग, मग मी ठरवतो कड किती सोडायची."